‘लागंल कवा तरी’ म्हणता म्हणता घर भरतं

ऊसपट्ट्यातल्या घरात सहसा काही टाकून देत नाहीत. खताचं पोतं रिकामं झालं की भुसा भरायला येतं. तुटका विळा, मोटरीची जुनी केबल, ठिबकच्या नळ्यांचे तुकडे, आहेरात आलेले ब्लाउजपीस आणि स्टीलचे डबे, सगळ्यांना माळ्यावर जागा असते. कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावर बिद्री लागतं. कागल तालुक्यातल्या या गावाची ओळख म्हणजे दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना. कारखान्याच्या सभासदाचं घर म्हटलं की वजनकाट्याच्या पावत्या, ऊसबिलं, सोसायटीच्या कर्जाचे कागद आलेच. कधी वारसनोंद निघेल, कधी बिलाचा वाद होईल, म्हणून माणसं ते वर्षानुवर्षं जपतात. त्यात काही चूक नाही. पण जिथं जपणं हाच गुण मानला जातो, तिथं त्या जपण्याचा आजार कधी झाला, हे घरातल्यांना फार उशिरा कळतं.

अशा गावातलं एक घर डोळ्यांपुढं आणू या. हे घर कल्पनेतलं आहे. त्यात घडणाऱ्या गोष्टी मात्र या आजाराच्या घरांत नेहमी घडणाऱ्या आहेत.

आई सत्तरीच्या आसपास. वडील जाऊन आठ वर्षं झाली. ते असताना फक्त माळा भरलेला असायचा. ते गेल्यावर त्यांची धोतरं, टोप्या, हिशेबाच्या वह्या एका ट्रंकेत गेल्या. मग माजघराच्या भिंतीला लागून पोती उभी राहिली. त्यांत कपडे, त्यांवर श्रीखंडाचे धुतलेले डबे, त्यांवर लग्नपत्रिका, रद्दी, औषधांच्या रिकाम्या बाटल्या. आता माजघरातून स्वयंपाकघरात जायला तिरकं होऊन जावं लागतं. अर्धा ओटा डब्यांनी अडलाय. आई कॉटच्या कडेला अंग चोरून झोपते, कारण उरलेल्या कॉटवर साड्यांची गाठोडी आहेत. पुढचा सोपा तेवढा झाडूनपुसून ठेवलेला असतो. आला-गेला तिथंच बसतो, चहा पितो आणि जातो. त्यामुळं गावात कुणालाच काही माहीत नाही.

“आत्ती, हे डबे तरी भंगारवाल्याला देऊया की.”

“आसू देत. धुऊन ठेवल्यात मी. लागंल कवा तरी.”

“मागच्या वर्षीबी हेच म्हणाला होता तुम्ही.”

“तुला माझं सगळंच नको झालंय, म्हण की.”

हे संभाषण शेजारणीच्या कानावर गेलं, तर ती एकच अर्थ काढते: सासूसुनेचं पटत नाही. आपल्याकडं या आजाराला मिळणारं पहिलं नाव बहुतेक वेळा हेच असतं. मुलगा दोघींच्या मध्ये पडायचं टाळतो. नातीला पाहायला पाहुणे यायचे म्हटल्यावर, ‘घराचं काम काढलंय’ असं सांगून कार्यक्रम मुरगूडला आत्याच्या घरी ठेवला जातो. नात मैत्रिणींना घरी आणायचं कधीच थांबलेली असते.

इंग्रजीत याला ‘होर्डिंग डिसऑर्डर’ म्हणतात. होर्डिंग म्हटलं की आपल्याला चौकातले वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक आठवतात, म्हणून इथं साठवणुकीचा विकार म्हणू या. पूर्वी हा मंत्रचळाचा, म्हणजे पुन:पुन्हा हात धुणं, कुलूप तपासणं अशा आजाराचा एक प्रकार मानला जाई. अमेरिकन मानसोपचार संघटनेनं २०१३ मध्ये आपल्या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र जागा दिली. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही तो वेगळा नोंदलेला आहे.

निदान वस्तूंच्या संख्येवर ठरत नाही. वस्तूला बाजारात किंमत असो वा नसो, ती टाकायला किंवा द्यायला सतत जड जातं. टाकायची वेळ आली की जिवाची खरी तगमग होते. आणि साठा इतका वाढतो की खोली ज्यासाठी बांधली, त्यासाठी ती वापरता येत नाही. ओट्यावर स्वयंपाक होतो का, कॉटवर माणूस झोपतो का, न्हाणीपर्यंत सरळ जाता येतं का, हे प्रश्न पोती मोजण्यापेक्षा जास्त सांगतात. शेतकऱ्याच्या घरात दहा पोती धान्य असणं आणि दहा पोती जुने कपडे माजघराची वाट अडवून असणं, यातला फरक इथं आहे.

डॉक्टर यासाठी छायाचित्रंही वापरतात. एकाच खोलीची नऊ छायाचित्रं, पहिल्यात खोली स्वच्छ आणि नवव्यात छतापर्यंत भरलेली. तुमची खोली यांतल्या कितव्यासारखी दिसते, असं विचारायचं. ‘पसारा’ या शब्दावर मायलेकांचं भांडण होतं. छायाचित्राच्या क्रमांकावर निदान बोलणं सुरू होतं.

प्रौढांमध्ये शंभरात दोन-तीन जणांना हा विकार असतो, असा २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज आहे. ते अभ्यास मुख्यतः पाश्चात्त्य देशांतले होते. नेदरलँड्समधल्या पंधरा हजारांवर लोकांच्या पाहणीत सत्तरीपुढच्या माणसांमध्ये हे प्रमाण शंभरात सहाच्या वर गेलेलं दिसलं. म्हणजे हा म्हातारपणाचा आजार का? तसं नाही. त्याची सुरुवात अनेकदा बारा-पंधराव्या वर्षी होते. तेव्हा आईवडील कपाट आवरून घेतात, पुढं जोडीदार आवरत राहतो. दर दहा वर्षांनी साठा थोडा वाढतो. आवरणारा माणूस गेला की तो एकदम डोळ्यांत भरतो. आमच्या कल्पनेतल्या घरात वडील गेल्यावर आजार आला असं मुलाला वाटतं. बहुधा वडील तो निमूटपणे आवरत होते.

‘बाहत्तरचा दुष्काळ बघितलाय आईनं, म्हणून टाकवत नाही,’ असं एक स्पष्टीकरण घरोघरी मिळतं. ऐकायला ते पटतं. पण अमेरिकेतले रँडी फ्रॉस्ट आणि रेचल ग्रॉस यांनी १९९३ मध्ये या विषयावरचा सुरुवातीचा महत्त्वाचा अभ्यास केला, तेव्हा लहानपणची गरिबी आणि साठवण यांचा संबंध त्यांना सापडला नाही. माणूस जाणं, हिंसा, मोठा आघात यांच्याशी मात्र नंतरच्या अभ्यासांत संबंध दिसत आला. आणि रक्ताचा भाग आहेच. ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या एका मोठ्या अभ्यासात, माणसामाणसांतल्या या प्रवृत्तीच्या फरकातला जवळपास निम्मा वाटा अनुवंशाचा निघाला.

डोक्यात नेमकं काय होतं, याची थोडी झलक २०१२ मधल्या एका प्रयोगात मिळाली. डेव्हिड टॉलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठवणुकीचा विकार असलेल्या, मंत्रचळ असलेल्या आणि यांतलं काहीच नसलेल्या माणसांना मेंदूच्या स्कॅनिंग यंत्रात झोपवलं. त्यांना कागद दाखवले: काही त्यांच्या स्वतःच्या घरून आणलेले, काही परके. ठेवायचा की फाडायचा, एवढं सांगायचं. फाडायचा म्हटलेला कागद खरोखरच यंत्रात घालून फाडला जाई. परक्या कागदांच्या वेळी साठवणाऱ्यांच्या मेंदूतले दोन भाग इतरांपेक्षा शांत होते. कागद स्वतःचा आला की तेच भाग इतरांपेक्षा कितीतरी जास्त पेटले. हे भाग एखादी गोष्ट आपल्यासाठी किती मोलाची, किती धोक्याची हे तोलायला मदत करतात. जाहिरातीचा एक चिठोरा टाकायचा, तर मेंदू जमीन विकायला काढल्यासारखा धावाधाव करतो.

हे समजलं की सुनेचं ‘एवढ्या डब्याचं काय घेऊन बसलाय?’ हे वाक्य वाया का जातं, ते कळतं. आईला तो निर्णय खरंच अवघड जातो. त्यात आणखी काही अडचणी मिसळतात. लक्ष एका जागी ठरत नाही. वस्तूंचे गट पाडता येत नाहीत. आपण दहा डबे ‘डबे’ म्हणून एकत्र ठेवतो, आईला प्रत्येक डबा वेगळा दिसतो, कारण हा बारशाचा आणि तो नागपंचमीचा. नजरेआड गेलं तर विसरेन, म्हणून सगळं समोरच हवं असतं. शिवाय आपल्या भाषेतच भरल्या घराला मान आहे. त्यामुळं जो युक्तिवाद न्यूयॉर्कच्या माणसाला एकट्यानं करावा लागतो, तो बिद्रीच्या आईला परंपरा आयता देते.

संग्रह करणारा माणूस आणि हा आजार यांत गल्लत नको. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय दिनकर केळकरांनी लहान वयात गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं उभं केलं. दिवे, अडकित्ते, कोरीव दरवाजे अशा वीस हजारांहून अधिक वस्तू त्यात आहेत. दुःख तिथंही होतं, वस्तूंचं वेडही होतं. पण प्रत्येक वस्तू निवडलेली, लावून ठेवलेली आणि दुसऱ्याला दाखवायची होती. साठवणुकीच्या आजारात माणूस दार लावून घेतो.

दार लावून घेण्याचं जगाला माहीत असलेलं टोकाचं उदाहरण न्यूयॉर्कमधल्या हार्लेम भागातल्या होमर आणि लँगली कॉलियर या भावांचं. मार्च १९४७ मध्ये पोलीस घरात शिरले तेव्हा होमर मृत सापडला. लँगलीचा मृतदेह दोन-अडीच आठवड्यांनी मिळाला, भावापासून फक्त काही फुटांवर. चोरांसाठी त्यानंच रचलेला सापळा त्याच्या अंगावर कोसळला होता. अंध आणि लुळा होमर मग भुकेनं गेला. त्या घरातून शंभर टनांहून अधिक सामान निघालं. एकरी चाळीस टनांनी धरलं, तर अडीच एकरांचा ऊस!

आपल्याकडं इतकं टोक सहसा गाठलं जात नाही, कारण घरात माणसं असतात. पण ती माणसं कंटाळून जे करतात, त्याबद्दल बोललं पाहिजे. आई आठ दिवस पंढरपूरला जाते. मुलगा ट्रॅक्टरला ट्रॉली जोडतो, दोन मित्र बोलावतो आणि माजघर रिकामं करतो. फरशी दिसते. सून चार वर्षांनी भिंत पुसते. आई परत येते, उंबऱ्यात उभी राहते आणि खाली बसते.

पुढचं सगळं ठरलेलं असतं. आई दोन दिवस जेवत नाही. ट्रॉलीत वडिलांची हिशेबाची वहीही गेलेली असते, कारण मित्रांना काय माहीत. मग कपाटाला कुलूप, कमरेला किल्ल्या. कुणी परड्यात कचरा पेटवला तरी आई उठून बघायला जाते. आणि माजघर पुन्हा भरायला लागतं, या वेळी जास्त वेगानं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात एका लहान गावच्या आरोग्य खात्यानं आपला बराचसा निधी एकच घर रिकामं करण्यात घातला होता. काही काळानं तेच घर पुन्हा तसंच त्यांच्यासमोर आलं. वस्तू गेल्या, टाकण्याचा निर्णय घेण्याची ताकद मात्र आलेली नव्हती. मुलाचा राग मी समजू शकतो. तरीही गुपचूप केलेली सफाई हा या आजारावरचा सर्वांत वाईट उपाय आहे, असंच माझं मत आहे. घर मिळतं आणि आईचा विश्वास जातो, आणि विश्वास गेला की पुढच्या उपचाराचा दरवाजाच बंद होतो.

मग बघत बसायचं का? मुळीच नाही. आधी सुरक्षितता. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये घरांना लागलेल्या आगींचा हिशेब काढला, तेव्हा अशा साठवणुकीच्या घरांतल्या आगी चारशेत एक एवढ्याच होत्या. पण टाळता येण्यासारख्या मृत्यूंपैकी जवळपास चौथा हिस्सा त्याच आगींत झालेला होता. आपल्याकडं गॅसची टाकी, चूल, जुनं वायरिंग आणि शेजारी रद्दीचा ढीग, ही जोडी डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्यात अडगळीत उंदीर येतात आणि उंदरांमागं साप. म्हणून पहिली मागणी ‘घर रिकामं कर’ अशी असू नये. गॅस आणि चुलीभोवती हातभर मोकळी जागा, विजेच्या बोर्डासमोर काही नाही, कॉटपासून न्हाणीपर्यंत दोन पावलं रुंद वाट, डोक्यावर कोसळेल असा ढीग नाही. एवढंच मागायचं. टाकायला सांगायचं नाही, हलवायला सांगायचं. आई याला बहुधा तयार होते, कारण पाय घसरून पडायची भीती तिलाही असते.

दुसरी गोष्ट शब्दांची. ‘कचरा’, ‘अडगळ’, ‘उकिरडा’ हे शब्द घरातून जायला हवेत. आई ज्याला ‘माझ्या पिशव्या’ म्हणते, त्याला आपणही पिशव्याच म्हणायचं. सुनेनं ‘आत्ती, हे कशाला?’ ऐवजी ‘आत्ती, ह्यातलं कुठलं तुम्हाला आधी लागंल?’ असं विचारून पाहावं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर बचाव असतं, दुसऱ्याचं निवड. हात आईचेच लागले पाहिजेत, निर्णयही तिचाच. सुनेपेक्षा हे काम लेकीनं किंवा मुलानं हाती घेतलेलं बरं. सुनेच्या तोंडून तेच वाक्य भांडण ठरतं.

उपचारांतली पद्धतही याच धर्तीवर चालते, फक्त शिस्तीनं. बोधनिक वर्तनोपचार, म्हणजे विचार आणि सवय दोन्हींवर काम करणारी समुपदेशनाची पद्धत, या विकारासाठी गेल स्टेकेटी आणि फ्रॉस्ट यांनी बेतली. तिच्यात सव्वीस बैठका असतात आणि काही बैठका घरी, त्या ढिगासमोरच होतात. नव्या वस्तू आणणं थांबवायचा सराव आधी. बाजारात जायचं, स्वस्त प्लॅस्टिकची टोपली हातात घ्यायची आणि ठेवून परत यायचं. मग एक छोटी जागा, एकच प्रकार. एक डबा भंगारात दिल्यावर वाटणारी तगमग तासाभरानं, दिवसभरानं किती उरली, हे स्वतःच पाहायचं. ती कमी होते, हा अनुभव शंभर उपदेशांपेक्षा मोठा. याच धर्तीवरचे स्वमदत गट मानसोपचारतज्ज्ञाऐवजी प्रशिक्षित सामान्य माणसांनी चालवले, तरी परिणाम साधारण तितकाच मिळाल्याचं अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं आहे.

यानं सगळं बरं होतं असं मात्र कुणी सांगू नये. बहुतेकांना फरक पडतो, पण उपचार संपल्यावरही निम्म्याहून अधिक जणांच्या घरी पसारा बऱ्यापैकी उरतो, वयस्करांमध्ये जास्तच. फक्त या विकारासाठी मंजूर झालेलं औषध नाही. सोबत नैराश्य किंवा चिंतेचा विकार असेल, आणि तो बहुधा असतो, तर त्याची औषधं देतात आणि त्यानं आवरायची उमेद येते. वर्षभरानं ओटा मोकळा झाला, कॉटवर पाठ टेकता आली आणि माळा तसाच राहिला, तर ते यशच धरावं.

एका बाबतीत मात्र वाट बघू नये. आयुष्यभर नीटनेटकी असलेली आई किंवा वडील साठी-सत्तरीत अचानक वस्तू गोळा करू लागले, त्यातही रस्त्यावरचं उचलून आणू लागले, बोलणं-वागणं बदललं, भिडभाड उरली नाही, तर तो हा विकार नसून स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते. पक्षाघातानंतरही असं होतं. तिथं आधी मेंदूची तपासणी.

कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे, म्हणजे सीपीआर रुग्णालय राजर्षी शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. तिथल्या मानसोपचार विभागात दाखवता येतं. ‘डोक्याच्या डॉक्टर’कडं यायला आई नकार देईल, हे धरूनच चाला. झोप लागत नाही, गुडघे दुखतात, जीव घाबरतो, या तिच्या स्वतःच्या तक्रारी असतात. त्या घेऊन जा, पण डॉक्टरांपासून घरची परिस्थिती लपवू नका. आईची हरकत नसेल, तर माजघराचे दोन-तीन फोटो मोबाइलमध्ये न्या. घरात सगळं आवरून बसलेली आई डॉक्टरांना पूर्ण ठीक वाटू शकते. जबरदस्तीनं दाखल करण्याचा विचार काही घरांत येतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे त्यावर कडक अटी आहेत, आणि घरात पसारा आहे एवढं कारण त्यात बसत नाही.

आई कुठंच जायला तयार नसेल, तर मुलानं किंवा सुनेनं स्वतःसाठी मदत घ्यावी. अशा घरांतल्या माणसांची चीड, लाज आणि थकवा यांवरही संशोधन झालं आहे. दहा वर्षांच्या आत अशा पसाऱ्यात राहिलेली मुलं मोठेपणी त्या वर्षांबद्दल जास्त दुःख, घरातले ताण आणि मित्र जोडण्यातल्या अडचणी सांगतात. घरात नात असेल, तर तिच्या अभ्यासाचा एक कोपरा आईशी बोलून मोकळा ठरवा आणि तो तिचा म्हणून सगळ्यांनी पाळा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक; फोन मोफत आहे, दिवसरात्र लागतो आणि मराठीत बोलता येतं. आजारी माणसानंच फोन केला पाहिजे, अशी अट नाही. फोनवर ‘आमची आई काही टाकू देत नाही’ एवढ्यावर न थांबता ओटा, कॉट आणि वाट यांची स्थिती सांगा. गॅस कुठं आहे, गेल्या सहा महिन्यांत ती कितीदा पडली आणि हे केव्हापासून वाढलं, हेही सांगा.